कलमांवरचं ऊन

टाकी घेतलीस ते फार चांगलं केलंस. फोनवर सांगितलेलं माप मी लगेच कागदावर उतरवून ठेवलं: साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि पाणी जेमतेम बावीस सेंटिमीटर. म्हणजे साठेक लिटरची, परातीसारखी पसरट टाकी. प्रवाळाचे तुकडे वाढवायला असंच उथळ भांडं लागतं. पुढे तू विचारलंस, "काका, दिवा कुठला घेऊ?" तेव्हाच एक नाव सांगून मोकळा झालो असतो तर तू ते मागवलं असतंस, आणि महिन्याभरात मला पांढऱ्या पडलेल्या तुकड्यांचे फोटो आले असते. इथे लंडनमध्ये डॉलिस हिलला मंडळात गणपतीला भेटणाऱ्या तीन-चार पोरांनी असे फोटो मला पाठवले आहेत. म्हणून लिहून देतो. सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत काही मागवू नकोस.

इथले लोक प्रवाळाच्या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. मी कलम म्हणतो. पावसाळा लागला की देवगडच्या आमच्या घरी आई आंब्याची कोयकलमं बांधायला बसायची. काडी खुंटात बसवून पट्टीनं घट्ट बांधली की कलम मांडवाखाली जायचं. मांडवावर माडाची झापं. पाऊस थोडा उघडला, श्रावणातलं कोवळं ऊन पडलं, की शेजारच्या काकू म्हणायच्या, अगं एवढं छान ऊन आहे, ठेव की बाहेर. आई म्हणायची, "पान फुटलं नाही तोवर उन्हाचं त्याला काय करायचंय?" नवी पालवी दिसली की मग ती एक झाप काढायची. आठवड्यानं आणखी एक. रोप उघड्यावर यायला दीड-दोन महिने जायचे. इंग्लंडमध्ये येऊन प्रवाळ पाळायला लागलो तेव्हा पुस्तकं पुष्कळ वाचली, पण उजेड कसा द्यायचा हे मला त्या मांडवानंच शिकवलं.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या अंगात झोझँथेली नावाची सूक्ष्म शेवाळं राहतात. ती उजेडात साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी घरातल्या घरात मिळते. म्हणून दिवा म्हणजे टाकीची सजावट समजू नकोस, तो त्यांचा स्वयंपाकघरातला जाळ आहे. जाळ कमी पडला तर प्रवाळ अंगातली शेवाळं वाढवतो आणि रंगानं तपकिरी, काळपट दिसायला लागतो. जाळ झेपेनासा झाला तर शेवाळांच्या आत प्राणवायूची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ त्या शेवाळांना बाहेर टाकतो. मग उरतं ते पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. हे एक वाक्य पाठ कर: तपकिरी कलमाकडे वेळ असतो, पांढऱ्याकडे नसतो. उजेडाच्या बाबतीत चुकायचंच असेल तर कमीच्या बाजूला चूक.

ही गोष्ट मला मोंटिपोरा नावाच्या प्रवाळाच्या २० कलमांनी शिकवली. तेव्हा माझ्या टाकीवर टी-फाइव्हच्या नळ्या होत्या, दोन फुटी, २४ वॅटच्या चार. त्या काढून मी नवा एलईडी दिवा आणला. विकणाऱ्यानं सांगितलं, जितका प्रखर तितकी वाढ जास्त. दिवा पूर्ण चढवला आणि माझ्या डोळ्यांना तो जुन्या नळ्यांपेक्षा मंदच वाटला. निळसर, शांत, चांदण्यासारखा. वाटलं, कलमांना हळूच सवय लागेल. चौथ्या दिवशी मोंटिपोरांच्या कडा फिकटल्या. नवव्या दिवशी वीसपैकी चौदा पांढरीफटक. पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या, सगळं जागच्या जागी होतं. मग प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांनी उजेड मोजायचा मीटर आणून पाण्यात बुडवला. नळ्यांखाली जिथं ११० यायचे तिथं आता ३४० होते. तिप्पट! आणि माझे डोळे मला मंद म्हणत होते.

यात डोळ्यांचा दोष नाही. माणसाचा डोळा हिरव्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतो. प्रवाळांच्या दिव्यांत मुख्य असतो तो गडद निळा, ४५० नॅनोमीटरचा. त्याला डोळ्याची दाद शंभरात जेमतेम चार भाग. म्हणजे निळा दिवा ओसंडून वाहत असला तरी आपल्याला झिरमिर वाटतो. फोनवरचं उजेड मोजायचं अ‍ॅप लक्स दाखवतं, आणि लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठीच बेतलेलं आहे, म्हणून तेही तसंच फसवतं. ते अ‍ॅप असेल तर काढून टाक.

प्रवाळासाठी मोजायचं असतं ते 'पार'. चारशे ते सातशे नॅनोमीटरमधले, शेवाळांच्या कामी येणारे प्रकाशाचे कण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर किती पडतात, ती संख्या. एकक मायक्रोमोल, पण बोलताना कुणी म्हणत नाही. नुसतं शंभर पार, दीडशे पार. विषुववृत्ताकडच्या समुद्रावर भर दुपारी दोन हजारांच्या आसपास पडतात. आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाही.

आता आकडे. हे माझ्या टाकीतले आहेत आणि इतर पाळणारेही साधारण असेच सांगतात. मश्रूम प्रवाळ आणि बहुतेक मऊ प्रवाळ पन्नास ते शंभर पारमध्ये सुखानं वाढतात. मश्रूम तर तीस-चाळीसमध्येही रुसत नाही. झोअँथिडना पाऊणशे ते दीडशे. हॅमर, टॉर्च, अकान असे मोठ्या तोंडाचे दगडी प्रवाळ, ज्यांना सगळे एलपीएस म्हणतात, त्यांनाही तेवढंच. त्यातही अकानला खालची बाजू बरी. मोंटिपोराला दीडशे ते अडीचशे. अ‍ॅक्रोपोराला दोनशे ते साडेतीनशे. पण हे सगळे आकडे रुळलेल्या, जखम भरलेल्या कलमाचे आहेत. कालच कापलेल्याचे नव्हेत.

पहिल्या वर्षी अ‍ॅक्रोपोरा आणू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. तो उजेडापेक्षा पाण्याच्या स्थैर्यावर जास्त अडतो, आणि साठ लिटर पाणी स्थिर ठेवायला हात बसावा लागतो. तू झोअँथिड, मश्रूम, दोन-तीन हॅमर आणि एखादी मोंटिपोरा घेऊन सुरू कर. म्हणजे तुला दिवा हवा तो जास्तीत जास्त दीडशे पारचा, आणि तो पंचेचाळीस बाय साठच्या पूर्ण पृष्ठभागावर सारखा पडणारा. 'सारखा' या शब्दाखाली रेघ मार.

मोठ्या टाकीत उजेड खोल न्यायचा असतो, म्हणून तिथले दिवे झोत टाकणारे असतात. दोन-चार भिंगांखाली एलईडीचा पुंजका, त्याला पक म्हणतात. साठ सेंटिमीटर खोल पाण्यात तो झोत पसरत जातो आणि शोभून दिसतो. तुझ्या बावीस सेंटिमीटरच्या पाण्यात त्याला पसरायला जागाच मिळत नाही. मधोमध पेटलेली चूल आणि कोपऱ्यात सांजवेळ. मी असाच एक दिवा पाण्यापासून पंधरा सेंटिमीटरवर टांगून मोजला होता: मध्यावर १९०, कोपऱ्यात ४५. तोच तीस सेंटिमीटरवर नेला तर मध्यावर ११०, कोपऱ्यात ६०. मध्यावरचा उजेड गेला आणि कोपऱ्यांना वाढला. खाली दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावल्यावर फरक आणखी कमी झाला. म्हणून दिव्याच्या खोक्यावरचे वॅट वाचत बसू नकोस. तो किती उंचीवरून किती जागा झाकतो हे विचार, आणि पारचा नकाशा मागून घे. चांगल्या कंपन्या देतात. देत नसतील तर तो दिवा घेऊ नकोस.

माझी पसंती तुझ्या मापासाठी अशी: एकतर दुधी पत्र्यामागे एलईडी विखरून लावलेला सपाट पॅनेल, नाहीतर साठ सेंटिमीटरच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींपासून वीस सेंटिमीटर अंतरावर. दोन पट्ट्यांचा मला विशेष लोभ आहे. एक बिघडली तर दुसरी असते, सावल्या मोडतात, आणि एक बाजू थोडी मंद करून टाकीत दोन वस्त्या करता येतात, उजळ आणि सौम्य. दोन्हींचे मिळून पन्नास-साठ वॅट पुरेत. साठ वॅट नऊ तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त. जुन्या काळी मी अडीचशे वॅटचा मेटल हॅलाइड टांगला होता, तो नुसता सव्वादोन युनिट खायचा आणि जुलैत पाणी एकोणतीस अंशांवर न्यायचा. त्याच्याखाली पाणी कसं लखलखायचं, खरंच समुद्रासारखं! पण छोट्या टाकीत त्याला जागा नाही.

टी-फाइव्हच्या नळ्यांबद्दल विचारशील. उजेड सारखा पसरण्यात त्यांना अजून तोड नाही, आणि कुणी धड अवस्थेतली पेटी फुकट देत असेल तर घे. पण नळी दर नऊ ते बारा महिन्यांनी बदलावी लागते, आणि बदललेल्या दिवशी उजेड एकदम उसळी मारतो. शिवाय नळीत पारा असतो. युरोपात साध्या टी-फाइव्ह नळ्या २०२३ साली बाजारातून काढायला सुरुवात झाली. नव्यानं सुरू करणाऱ्यानं त्यात पैसे गुंतवू नयेत.

रंगाकडे येऊ. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, निळा खोल जातो. झोझँथेलींची पानं, म्हणजे त्यांची रंगद्रव्यं, त्या निळ्यासाठीच घडलेली. म्हणून दिव्यात गडद निळा आणि निळा मिळून मुख्य, थोडा जांभळा ४२०च्या आसपासचा, आणि पांढरा चवीपुरता. लाल आणि हिरव्याचे स्वतंत्र खटके असतील तर ते अगदी तळाशी ठेव. लाल चढवलास तर कलमांआधी काचेवरचं शेवाळ तुझे आभार मानेल. हा निळा एलईडी आपल्याला सहज मिळतो, पण तो बनवायला माणसांची हयात गेली. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी करून दाखवला, आणि २०१४ साली आकासाकी, अमानो आणि त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आणि त्या निळ्याखाली तुझा झोअँथिड पोपटी का पेटतो? त्याच्या अंगातली प्रथिनं निळा उजेड पिऊन हिरवा परत टाकतात. तसलं पहिलं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये सापडलं. त्या कामाला २००८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रात्री जेवणं झाल्यावर दिवा निळ्यावर आणून टाकीसमोर बसशील तेव्हा ही नावं आठव. मला दर वेळी आठवतात.

पण दिवसातला तासभर तरी पांढरा वाढवून टाकी नीट बघायची. गडद निळ्यात सगळंच सुंदर दिसतं, आजारीसुद्धा. झोअँथिड खाणारी गोगलगाय झोअँथिडच्याच रंगाची होऊन बसते, ती पांढऱ्या उजेडातच पकडता येते. कलम विकत घेतानाही तेच कर. विक्रेत्याच्या निळ्या टबात शेंदरी-हिरवं चमकणारं कलम दिसलं की फोनची बॅटरी त्यावर मार. साध्या उजेडात कडा भरलेल्या आहेत का, मांस सांगाड्यापासून सुटलं आहे का, शेवाळ चढलं आहे का, ते बघ आणि मग पाकीट काढ.

आता मांडवाची गोष्ट. याच्यासाठीच एवढं लिहायला बसलो.

कलम कापलंस, जेल गोंदानं चिनी मातीच्या खुंटीवर चिकटवलंस, की त्याला पहिले काही दिवस जखम भरण्याशिवाय दुसरं काम नको. ते चिकट पाणी सोडतं, आक्रसतं, झोअँथिड तर मुठी वळून बसतात. त्याला पहिले दोन आठवडे चाळीस-पन्नास पारच्या वर नेऊ नकोस, मग जात कुठलीही असो. दिवा मंद करता येतो, पण त्यानं जुनी रुळलेली कलमंही उपाशी राहतात. म्हणून खिडकीला लावतात ती डासांची जाळी आण. टाकीच्या एका तिसऱ्या भागावर, पाण्याच्या वर, लाकडी चौकटीवर जाळीचे चार थर टाक. त्याच्याखाली नवी कलमं. पहिल्या दोन आठवड्यांनंतर दर आठवड्याला एक थर काढ. सहाव्या आठवड्यात कलम उघड्यावर. जाळीचा एक थर किती उजेड अडवतो ते जाळीगणिक बदलतं, तेव्हा मीटर लावून बघ; माझी जाळी थराला पाचवा हिस्सा अडवते. ही युक्ती मी शोधलेली नाही, इथले जुने पाळणारे कित्येक वर्षं वापरतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला देवगडची झापं आठवली आणि घसा दाटून आला, एवढं सांगतो.

थर कधी काढायचा हे दिनदर्शिकेपेक्षा कलमालाच विचार. मोंटिपोराच्या बुडाशी बघ, भिंग घेऊन बघ. गोंदाची पांढुरकी कडा असते, तिच्यावर मांसाची एक पातळ साय चढायला लागते. पुढची कड फिकट, जवळजवळ पांढरी आणि सुरीच्या धारेसारखी पातळ असते. ती वाढीची पांढराई. तिला घाबरू नकोस. ती गोंद ओलांडून खुंटीच्या मातीवर उतरली की कलमानं पाय टाकला. झोअँथिडचं वेगळं: मुठी दिवसभर उघड्या राहायला लागल्या आणि बुंध्याशी डाळीएवढं नवं तोंड दिसलं की त्याचा डोळा फुटला असं समज. उलट झोअँथिडचे देठ लांब, सडपातळ होऊन वर मान काढायला लागले तर त्याला उजेड कमी पडतोय. मश्रूम वाटीसारखा वर वळला तर तोही उजेड मागतोय. आणि सगळ्या कडा मिटून, चपटा होऊन तळाला चिकटला तर त्याला सावली दे, त्याच दिवशी दे.

मोजमाप कसं करायचं ते सांगतो. मीटर अमेरिकेतल्या युटाच्या अ‍ॅपोजी कंपनीचा, एमक्यू-५१०. पाण्यातला आणि निळा धड मोजणारा. त्याच कंपनीचा जुना एमक्यू-२०० निळ्याला कमी धरतो, कुणी दिला तर त्याचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दाखवतोय हे लक्षात ठेव. मीटर महाग आहे, विकत घेऊ नकोस. क्लब भाड्यानं देतात, आणि माझा आहेच. टाकी नऊ घरांत विभाग. पंप चालू ठेव, कारण पाणी हललं की उजेडाच्या लाटा होतात आणि आकडा नाचतो. अर्धा मिनिट बघून मधला धर. सेन्सर कलमाच्या डोक्याच्या उंचीवर, तोंड सरळ आकाशाकडे. नऊ आकडे कागदावर लिहून तो कागद टाकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव. कुठलं कलम कुठे, याचं उत्तर पुढे वर्षभर त्या कागदावर मिळेल.

आणि एकदा मोजून झालं म्हणजे झालं नाही. काचेचं झाकण मिठानं पांढरं होतं आणि उजेड गुपचूप खातं. दिव्याच्या भिंगावर मिठाचे शिंतोडे बसतात. दर रविवारी ओल्या कापडानं दोन्ही पुस. चार महिने पुसलं नाहीस आणि एक दिवस लख्ख घासलंस, तर कलमांना तो नवा दिवा लावल्यासारखाच धक्का. पाणी गाळायच्या सक्रिय कोळशाचंही तसंच. पाणी हळूहळू पिवळं पडतं, रोज बघणाऱ्याला कळत नाही. पांढरी बशी पाण्यात धरून बघ म्हणजे कळेल. त्यात ताजा कोळसा घातला की एका रात्रीत पाणी काचेसारखं होतं आणि उजेड वाढतो. ज्या आठवड्यात कोळसा घालशील त्या आठवड्यात दिवा पाचव्या हिश्शानं खाली आण, मग परत चढव. आणि क्षारता रोज वरखाली होत असेल तर उजेडाचं हे सगळं वाया जाईल. ती आठ डीकेएचच्या आसपास बांधून ठेव.

तास किती? आठ ते नऊ. वर अर्धा तास चढता, अर्धा तास उतरता. दिवसाचा हिशेब गुणाकाराचा आहे: शंभर पार नऊ तास म्हणजे दीडशे पार सहा तास. म्हणून नव्या कलमाला सवय लावायची तर तास तोडण्यापेक्षा जोर तोड. लांब आणि मऊ दिवस त्याला जास्त मानवतो. वेळ टायमरवर सोड. तुझ्या हातात ठेवलीस तर तू सुट्टीला बारा तास लावशील आणि परीक्षेच्या आठवड्यात विसरशील.

रात्र पूर्ण काळोखाची असू दे. चंद्रप्रकाश म्हणून दिव्यात निळे टिपके देतात ते कलमांच्या वाढीला काही लागत नाहीत. चंद्राचा संबंध प्रवाळांच्या विणीशी आहे. इथे फॉरेस्ट हिलच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ पासून प्रोजेक्ट कोरल चालतो. त्यांनी टाक्यांवर मूळ समुद्रातलं दिवसमान, तापमान आणि चंद्राच्या कला हुबेहूब उभ्या केल्या, आणि बंद खोलीत अ‍ॅक्रोपोरांची वीण घडवून आणली. चार जातींवरचा त्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला. एका मंद दिव्याच्या कमीजास्त होण्यावरून तो प्राणी पौर्णिमा ओळखतो, म्हणजे त्याला उजेड किती बारीक कळतो बघ! बैठकीच्या खोलीतला दिवा रात्री एकपर्यंत टाकीवर पडत असेल तर मधे पडदा लाव. हॉर्निमनला एकदा माझ्याबरोबर चल, मत्स्यालय तळघरात आहे.

विजेचं मी दोनदा सांगेन. मीठपाणी आणि वीज शेजारी नांदवायची आहे. टाकीचं सगळं तीस मिलिअँपिअरच्या आरसीडीमागे, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणाऱ्या खटक्यामागे, असलं पाहिजे. घराच्या बोर्डात आहे की नाही ते वीजवाल्याकडून तपासून घे, नसेल तर आधी ते बसव, दिवा नंतर. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली झोका घेऊन मग वर जायला हवी, म्हणजे ओघळ झोक्याच्या तळाशी टपकतो आणि सॉकेटात शिरत नाही. दिवा चिमट्यावर टांगू नकोस. चिमटा मिठानं गंजतो आणि एक दिवस दिवा पाण्यात बसतो. भिंतीला किंवा छताला पक्का आधार कर, तारेनं टांग, वरखाली करता येईल असा. मी चाळीस वर्षं विजेचंच काम केलं. आरसीडीच्या खटक्यावर महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाब.

शेवटचं, आणि हे कानात घालून ठेव. पुढच्या वर्षी तू मालवणला जाशील. सुकतीला किल्ल्याच्या बाजूचे खडक उघडे पडतात, पाण्यात प्रवाळ दिसतात. पावसाळ्यात तिथलं पाणी गढूळ होतं, उजेड हातभरसुद्धा आत जात नाही, तरी ते तग धरून आहेत. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. भारतात ते घरी पाळता येत नाहीत, तोडता येत नाहीत, किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही. पुण्याच्या तुझ्या आतेभावानं मला विचारलं होतं, मी त्याला गोड्या पाण्यातली वनस्पतींची टाकी करायला लावली आणि ती सुंदर झाली आहे. आपण इथे घेतो ते टाकीत वाढलेल्याचंच कलम, कागदपत्रांसह किंवा ओळखीच्या माणसाकडून. त्यासाठीच तर ही खटपट. एका मोंटिपोराची मी गेल्या अकरा वर्षांत साठाच्या वर कलमं वाटली आहेत, आणि त्या साठ घरांसाठी समुद्रातून एकही तुकडा निघालेला नाही.

तर येत्या रविवारी ये. मीटर खणात वरच आहे, सेन्सरची वायर दुमडू नकोस, तिथंच तुटते. दिवा घेतलास की आधी रिकाम्या पाण्यावर नऊ घरं मोज आणि कागदाचा फोटो मला पाठव. आकडे ठीक असले तर त्या मोंटिपोराचं एक कलम तुझ्यासाठी कापून, जाळीखाली लावून ठेवलं आहे. महिन्याभरानं ते न्यायला ये.